कोल्डप्लेला रेल्वे, आमच्या गाण्याला एक एसटी नाही?

जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादला कोल्डप्लेचा कार्यक्रम होता, तर पश्चिम रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या. चांगलं केलं. पोरांची सोय झाली.

आम्हीही दर डिसेंबरला पुण्याला सवाई गंधर्वला जातो. तालुक्यातले पंधरा-वीस जण, दशम्या बांधून, भारतीय बैठकीचं तिकीट काढून. शनिवारी गाणं रात्री बारापर्यंत चालतं. आमची शेवटची बस साडेनऊला! ज्या गायकासाठी गेलो त्याचे तंबोरे जुळत असतात आणि आम्ही अंधारात चपला शोधत असतो.

वर ऐकून घ्यायचं, "एवढी हौस आहे तर जीप करा." का म्हणून? जत्रेला जादा गाड्या सुटतात, आषाढीला सुटतात, सुटायलाच हव्यात. मग गाण्याला वर्षातून एक सोडली तर कुणाचं काय जातं? फुकट थोडंच बसणार आहोत?

अर्ज लिहून ठेवलाय. सह्या करायला सोमवारी अकराला आगारात या.