राखणीचा कुत्रा, दिलाशाचा कुत्रा

बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर कुत्रा पाळतात तो राखणीसाठी. परक्या माणसावर जो धावून जातो तो चांगला, ही आपली कसोटी. मेंढ्यांच्या वाड्याला ती योग्यच आहे. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णांना विरंगुळा म्हणून पाळीव कुत्रा भेटीस नेण्याची कल्पना येथेही आज ना उद्या निघेल. तेव्हा ही कसोटी साफ उलटी करावी लागेल.

बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या 'जिंगल्स' नावाच्या कुत्र्याच्या सान्निध्यात अबोल मुले बोलती होतात, हे 1962 मध्ये मांडले. आपल्याकडे 'अॅनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था प्रशिक्षित कुत्र्यांच्या साहाय्याने असेच काम करीत आली आहे. काम हौसेचे खरे, परंतु हौशीपणाचे नव्हे.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून लसीकरणाची नोंद, जंतनिर्मूलन, कापलेली नखे आणि स्वच्छ अंग यांवाचून कुत्र्याने रुग्णालयाची पायरी चढता कामा नये. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्यासही ती वर्ज्यच असावी. हे झाले सोपे. अवघड आहे ती स्वभावाची पारख. कुबड्यांचा खडखडाट, चाकांची खुर्ची, औषधांचा वास, लहान मुलाने अवचित ओढलेली शेपटी, हे सारे त्याने निमूटपणे सोसावे असे नव्हे, तर त्याला त्याचे काही वाटू नये. हा फरक मोठा आहे. पालखीच्या दिवसांत काटेवाडीला गर्दी व टाळमृदंग यांची सवय लावू म्हणून कुत्र्याला थेट जमावात ओढणारा मालक त्याला धीट करीत नाही, भेदरवतो. सवय दुरून आणि थोडी थोडी लागते.

कुत्रे तक्रार करते ती मुक्यानेच: अकारण जांभया देते, ओठ चाटते, तोंड फिरवते, शेपूट पोटाखाली घेते. आपण हे पाहत नाही. गुरगुरले की मात्र त्याला दोष देतो. ही चिन्हे दिसताच भेट तेथेच थांबवावी, मग समोर कोणी मान्यवर छायाचित्रासाठी उभे का असेनात! भेट एरवीही तासाच्या आतच आटोपावी. भेटीआधी व नंतर सर्वांनी हात धुवावेत. रुग्णास आधी विचारावे. लहानपणी कुत्रे चावलेला म्हातारा नको म्हणाला तर आग्रह करू नये.

आणि कुत्र्याचाच नकार असेल, तर त्याला वस्तीवर परत न्यावे. तेथे त्याचे काम आहेच.