डॅन्यूबचा आकडा आणि जायकवाडीचा वाद

रेगेन्सबर्ग : डॅन्यूबच्या काठी वसलेल्या या शहरात वर्षाकाठी साधारण ६५० मिलीमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याची सरासरी सातशे मिलीमीटरच्या आतबाहेर आहे. आकडे असे जवळजवळ सारखे असताना एक प्रदेश हिरवागार दिसतो आणि दुसऱ्याच्या नावामागे 'दुष्काळी' हे विशेषण कायमचे चिकटते. याचे पहिले कारण निसर्गात आहे. येथील पाऊस बारा महिन्यांत विभागलेला असतो आणि हवा थंड असल्याने बाष्पीभवन कमी होते. मराठवाड्यात मात्र चार महिन्यांतील मोजक्या दिवसांच्या पावसावर वर्षभराचा संसार चालवावा लागतो. दुसरे कारण मात्र मनुष्यनिर्मित असून ते पाणीवाटपाच्या नियमांत दडलेले आहे. हवामान बदलाने दोन्ही प्रदेशांत पावसाची घडी विस्कटू लागली असताना या दुसऱ्या कारणाचा विचार टाळता येणार नाही.

हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे कोरडे दिवस लांबतात आणि पडणारा पाऊस मुसळधार होतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. लातूरकरांनी हे एकाच वर्षात अनुभवले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर भरून वाहिले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने तर कापणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली घातले आणि सीना व गोदावरीकाठच्या जमिनीतील माती खरवडून नेली. राज्यभरात ६८ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रातील पिकांचे नुकसान झाले व सरकारला ३१,६२८ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर करावे लागले.

बव्हेरियाही या फेऱ्यातून सुटलेला नाही. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात डॅन्यूब इतकी उथळ झाली की रेगेन्सबर्गच्या खालच्या अंगाला जहाजांची ये-जा अडखळली. पुढे जून २०२४ मध्ये त्याच नदीच्या पुरामुळे शहराला आपत्तीची अधिकृत घोषणा करावी लागली.

या पार्श्वभूमीवर येथून काही किलोमीटर वरच्या बाजूला, केलहाइम येथे चालणारी एक व्यवस्था मराठी वाचकाने समजून घेण्यासारखी आहे. बव्हेरियाच्या दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याशी भरपूर पाऊस पडतो, तर उत्तरेकडील फ्रँकोनिया तुलनेने कोरडा आहे. दक्षिणेचे पाणी उत्तरेला नेण्याचा निर्णय बव्हेरियाच्या विधिमंडळाने १९७० मध्ये घेतला. केलहाइमजवळ डॅन्यूबचे पाणी उचलले जाते, माइन-डॅन्यूब कालव्याच्या पाच टप्प्यांवर पंपांनी सुमारे ६८ मीटर वर चढविले जाते आणि जलविभाजक ओलांडून ऱ्हाइनच्या खोऱ्यात सोडले जाते. आल्टम्यूल नदीच्या पुराचे पाणीही जलाशयांत साठवून त्यात मिसळले जाते. दोन्ही मिळून वर्षाला सरासरी १५ कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे सव्वापाच टीएमसी पाणी उत्तरेला जाते. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या मानाने हे जेमतेम चौदावा हिस्सा ठरते.

या योजनेतील पंपांपेक्षा तिची एक अट अधिक बोलकी आहे. केलहाइमला डॅन्यूबचा प्रवाह सेकंदाला १४० घनमीटरांच्या, म्हणजे सुमारे ४,९०० क्युसेकच्या खाली गेला की उपसा थांबतो. त्यासाठी सर्वपक्षीय बैठक, न्यायालयीन स्थगिती किंवा धरणावर पोलीस बंदोबस्त यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. खालच्या अंगाला असलेल्या रेगेन्सबर्गचा हक्क आधीच ठरलेल्या आकड्याने राखला जातो, आणि टंचाईच्या दिवसांत उत्तरेने आपल्या जलाशयांतील साठ्यावर भागवावे, असे गृहीत धरलेले असते.

महाराष्ट्रातही नियम नाहीत असे नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे. मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असल्यास नाशिक व अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. पण २०२३ मध्ये काय घडले? ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला, आंदोलने झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि प्रत्यक्ष विसर्ग सुरू होईपर्यंत नोव्हेंबर संपत आला होता. रब्बीच्या पेरणीसाठी हा उशीर लहान नसतो. शिवाय वर्षातून एकदा पाहिला जाणारा आकडा हा पाऊस शिस्तीत पडत असे, त्या काळाचा हिशेब आहे.

आता कोकणातील पन्नास टीएमसीहून अधिक पाणी सह्याद्रीपलीकडून गोदावरी खोऱ्यात आणण्याचा मनोदय राज्य सरकारने जाहीर केला आहे. ही कल्पना त्याज्य मानण्याचे कारण नाही. तथापि तीन प्रश्नांची उत्तरे खर्चाच्या आकड्यांआधी मिळायला हवीत. कोकणातील नद्यांचा प्रवाह कितीखाली गेल्यावर उपसा थांबेल? रोजचे मोजमाप शेतकऱ्याला दिसेल अशा रीतीने जाहीर होईल काय? आणि आलेले पाणी कोणत्या पिकाला मिळेल? फ्रँकोनियाला दिलेले पाणी मुख्यतः तेथील नद्यांचा उन्हाळी प्रवाह टिकविण्यासाठी आहे. आपल्याकडे मात्र अल्प क्षेत्रातला ऊस सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितो. मांजरा खोऱ्यातील साखर कारखाने आणि लातूरची पाण्याची रेल्वे ही एकाच कथेची दोन प्रकरणे आहेत. हे गणित न बदलता आणलेले पाणी उसाच्या वाढीव क्षेत्रात मुरेल व पुढच्या दुष्काळात पुन्हा रेल्वेची वाट पाहावी लागेल.

बव्हेरियाची व्यवस्थाही अजिंक्य नाही. आल्प्समधील हिमसाठा घटला तर उन्हाळ्यात डॅन्यूबचा प्रवाह त्या मर्यादेखाली वारंवार जाईल आणि फ्रँकोनियाला गरज असेल नेमका तेव्हाच उपसा बंद राहील. त्या दिवशी कुणाच्या वाट्याला काय येणार, हे मात्र तेथे आधीच लिहिलेले असेल. मराठवाड्यातील शेतकऱ्याला पेरणीपूर्वी इतकी निश्चिती देणे हे कुठल्याही बोगद्यापेक्षा स्वस्त आहे. राजकीयदृष्ट्या ते कठीण आहे, हे खरे. पण प्रत्येक वर्ष पुढे ढकलले की किंमत तोच शेतकरी मोजतो.