शिवी जपून वापरा!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या पॅसेजमधून एक चक्कर मारा. 'शिट!', 'डॅम!', 'ब्लडी हेल!' अशी आतषबाजी चालू असते. प्रिंटर अडकला तरी 'शिट', केटी लागली तरी 'शिट', मेसमधला चहा संपला तरी 'शिट'! भावना तीन, शब्द मात्र एकच. शिव्या देऊच नका, असं काही मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो या उधळपट्टीवर.

शिवी ही कामाची वस्तू आहे आणि याला चक्क प्रयोगाचा आधार आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. साधा शब्द म्हणत असताना जेवढा वेळ हात पाण्यात राहिला, त्यापेक्षा शिवी घोकताना जास्त वेळ राहिला. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. पण खरी गंमत पुढेच आहे. २०११ च्या प्रयोगात दिसलं, की जे रोज भरपूर शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो. म्हणजे औषध रोज चघळलं, की गुण येत नाही!

इंग्रजीत शब्द असे झिजतच आले आहेत. 'ऑफुली' आणि 'टेरिबली' या शब्दांत एके काळी खरीखुरी भीती होती. आता 'टेरिबली सॉरी' म्हणजे नुसतं 'फार सॉरी'. आपणही 'भयंकर गोड' म्हणतोच की! १९१४ साली लंडनच्या रंगमंचावर शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या एलायझाने 'ब्लडी' म्हटलं आणि केवढी खळबळ माजली. (याच नाटकावरून पु.लं.नी 'ती फुलराणी' केलं.) आज तिकडे तो शब्द अगदी सौम्य समजतात. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला 'डॅम'ला बंदी होती, पण 'गॉश', 'डार्न', 'हेक' चालायचं. खरं तर हे 'गॉड', 'डॅम' आणि 'हेल'च, फक्त वेष बदललेले. आपलं 'आयला' तरी काय वेगळं आहे?

मग इंग्रजी शिवी आपल्या तोंडून इतकी सहज का सुटते? ज्याँ-मार्क डेवाल यांनी अनेक भाषा बोलणाऱ्यांचा अभ्यास करून २००४ साली मांडलं, की शिवीचा जोर साधारणपणे मातृभाषेत सर्वांत जास्त जाणवतो. पटतं ना? इंग्रजीतली मोठ्यातली मोठी शिवी आपण कॅन्टीनमध्ये बिनधास्त हाणतो, पण आईवरची मराठी शिवी द्यायची तर आधी आजूबाजूला बघतो.

इथेच खरी मेख आहे. शब्द आपल्याला हलका लागतो, म्हणून ऐकणाऱ्यालाही हलकाच लागेल असं नाही. मेसमध्ये पोळी गार आली म्हणून वाढणाऱ्या काकांना कुणी 'ब्लडी फूल' म्हणतं. म्हणणारा दोन मिनिटांत विसरतो. काका इंग्रजी शिकलेले नसतील, पण तो साहेबी सूर त्यांना बरोबर कळतो. आणि उलटून बोलायची त्यांना सोय नसते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: शिवी परिस्थितीला द्या, माणसाला नको. आणि तीही पुरवून वापरा. वर्कशॉपमध्ये हातोडा बोटावर बसेल, फायनल इयरचा प्रोजेक्ट आदल्या रात्री क्रॅश होईल, तेव्हा एक तरी दणदणीत शब्द शिल्लक असायला हवा की नको?