मुहूर्त न लागणारी निवडणूक

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ सालीं मंजूर झाला व १ मार्च २०१७ पासून तो अंमलांत आला. महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधि व मागासवर्गांचा एक प्रतिनिधि यांस सर्व विद्यार्थ्यांनीं प्रत्यक्ष मतदानानें निवडावें, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांस अधिसभेंतही आसन दिलें आहे. कायदा चांगला झाला. परंतु २०१९ सालीं या निवडणुका तोंडाशीं आल्या असतां विधानसभेच्या निवडणुकीपायीं त्या पुढें ढकलल्या गेल्या. २०२० सालीं महामारी आली. ती ओसरली, महाविद्यालयें उघडलीं, २०२४ सालीं विधानसभेची आणखी एक निवडणूकही होऊन गेली. पण विद्यार्थ्यांच्या निवडणुकीस तोंवर मुहूर्त कांहीं लागला नव्हता.

पोरांच्या या खटाटोपांत आमचें काय अडलें आहे, असें आमचे कांहीं व्यापारी मित्र विचारतील. त्यांस आम्ही २०१७ सालची आठवण देतों. त्या वर्षीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्वत्र लागू केली. उत्तरपत्रिका १७ लक्षांहून अधिक. परीक्षकांचा हात नव्या यंत्रावर बसलेला नाहीं. कुलपतींनीं ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती टळली. पुढच्या मुदतीही टळल्या. पुढील शिक्षणाच्या प्रवेशाचे दिवस निघून चालले असतां मुलें निकालाची वाट पाहत बसलीं, आणि ऑक्टोबरांत कुलगुरूंस पदावरून दूर करण्यांत आलें. या काळांत नव्या कायद्याप्रमाणें निवडलेली अधिसभा अस्तित्वांतच नव्हती; ती निवडणूक २०१८ सालीं झाली. विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधि सभेंत असते तर अनर्थ खात्रीनें टळला असता, असें आम्ही म्हणत नाहीं. पण उत्तरपत्रिका कोणाच्या व त्या वेळेवर तपासून होणार कशा, हा प्रश्न वेळींच विचारणारें कोणी तरी तेथें असतें. ज्याच्या अंगावर चटका बसतो तोच आगीची वर्दी सर्वांआधीं देतो.

बाजार समितीचें उदाहरण आमच्या वाचकांस परिचित आहे. तेथें शेतकरी आहेत, व्यापारी व अडते आहेत, आणि हमाल-मापाड्यांचाही एक प्रतिनिधि कायद्यानें ठेवलेला आहे. हमालास मत दिल्यानें बाजार बुडाला असें कोणी म्हटलेलें नाहीं. मग जो फी भरतो, परीक्षेस बसतो व निकालाचें बरेंवाईट भोगतो, त्यानेंच दाराबाहेर कां उभें राहावें?

यावर उत्तर ठरलेलें आहे : निवडणुका आल्या कीं मारामाऱ्या येतात, आणि राजकीय पक्ष येतात. हा आक्षेप पोकळ नाहीं. १९८९ च्या सुमारास मुंबईंतील विद्यार्थी निवडणुकांत रक्त सांडलें, व त्याच धसक्यानें प्रत्यक्ष निवडणुका बंद झाल्या. पुढें १९९४ च्या कायद्यानें वर्गांत सर्वांत अधिक गुण मिळविणारा विद्यार्थीच वर्गाचा प्रतिनिधि मानिला. परीक्षेंत पहिला येणें हें भूषणच आहे. पण वसतिगृहांतील पाण्याची तक्रार मांडण्यास पहिला क्रमांक लागतो, हें तर्कशास्त्र आम्हांस अद्याप उमगलें नाहीं. मौज अशी कीं, मताधिकाराचें वय २१ वरून १८ वर आलें तेंही १९८९ सालींच. म्हणजे देशाचें सरकार निवडण्यास जो योग्य ठरला, तोच वर्गाचा प्रतिनिधि निवडण्यास अयोग्य ठरला!

बरें, बंदीनें राजकारण तरी गेलें काय? मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेंत नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागा आहेत. २०१८ व २०२४ या दोन्ही वेळीं त्या दहाही एकाच पक्षाच्या युवक संघटनेनें जिंकल्या. पक्ष पुढच्या दारानें आलेच. बाहेर राहिला तो सामान्य विद्यार्थी.

दंडेलीचा बंदोबस्त करतां येत नाहीं असेंही नाहीं. निवृत्त मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं लागू केल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आंत, छापील भित्तिपत्रकांस मनाई, हजेरीची व वयाची अट, पक्षाच्या पैशास बंदी, असे त्यांतील नियम आहेत. ते कडक आहेत, क्वचित् जाचकही आहेत; पण नियम आहेत. भांडणाच्या भीतीनें दुकानच न उघडणाऱ्यास आपण व्यापारी म्हणत नाहीं.

१९०४ सालीं कर्झनशाहीनें विद्यापीठांचा कायदा केला, तेव्हां मुंबईच्या सिनेटांत अधिकांत अधिक १०० फेलोंपैकीं निवडलेले अवघे २० ठेवून बाकीचा भरणा नेमणुकीचा केला. नामदार गोखल्यांनीं त्यास कसून विरोध केला होता. नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडे पाहतो, हें तेव्हांही कोणास शिकवावें लागलें नव्हतें. परदेशांत पाहावें तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २६ जणांच्या नियामक मंडळांत १९७५ पासून एक विद्यार्थी पूर्ण मताधिकारासह बसतो. २६ त एक म्हणजे फार नव्हे. मात्र त्याच्यासमोर फीवाढीचा ठराव मांडतांना मंडळास कारणें द्यावीं लागतात.

आमच्या वाचकांपैकीं अनेक जण गांवोगांवच्या शिक्षणसंस्थांचे विश्वस्त किंवा सभासद आहेत. याच कायद्यानें प्रत्येक महाविद्यालयांत विकास समिति सांगितली आहे. वार्षिक अंदाजपत्रक तिच्यांत तयार होतें, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव तिचे सभासद असावे असेंही लिहिलें आहे. परीक्षेची तारीख वर्षारंभीं छापली जाते, तशी निवडणुकीची तारीखही सरकारनें प्रतिवर्षीं छापून द्यावी, अशी आमची मागणी आहे. तोंवर विश्वस्त वाचकांनीं आपल्या समितीच्या पुढील सभेंत एवढेंच विचारावें कीं, हे दोन सभासद कोठें आहेत व त्यांस कोणीं निवडलें. आणि मिळेल तें उत्तर इतिवृत्तांत नोंदवून घ्यावें.