फटाक्यांची वर्गणी मी देणार नाही

काल संध्याकाळी पारावर पावतीपुस्तक फिरलं. घरटी 500 रुपये. कशासाठी, तर उजनीच्या काठाला उतरलेले राजहंस हाकलायला. सुतळी बॉम्ब आणायचे, रात्री दोन पोरं बसवायची आणि उडवायचे. मी पैसे दिले नाहीत. त्यावरून सकाळपासून फोनवर फोन चालूयत, "आण्णा, तुमचं रान वर आहे म्हणून तुम्हाला सुचतंय". माझं रान वर नाही. साडेतीन एकरांतला दीड एकर पाण्याला चिकटून आहे आणि त्यातला गहू गेल्या आठवड्यात मीही खाऊ घातलाय. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी पाहुणा कोण ते. पेपरवाले पट्टकादंब लिहितात, आपण राजहंस म्हणतो. पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चोच पिवळी-नारंगी, वजन दोन-अडीच किलो. मंगोलिया, तिबेट, लडाख अशा ठिकाणी अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून थंडी काढायला खाली येतो. मंगोलियात मानेला नंबराचा पट्टा घातलेले पक्षी भारतात दिसलेले आहेत. हे सगळं कौतुकाचं आहे, पण मी कौतुकाची पोस्ट लिहीत नाहीये. हा पक्षी चरणारा आहे, गुरासारखा. गवत, गव्हाची लव, हरभऱ्याचा पाला. आतडं आखूड, अर्धवट पचवतो आणि टाकतो, म्हणून दिवसभर खात राहावं लागतं. काठावर पोरं पोहायला उतरतात तिथं पाय ठेवायला जागा नाही एवढी विष्ठा पडते. तक्रार खोटी नाही.

खोटा आहे तो इलाज.

चार वर्षांपूर्वी मी स्वतः फटाके लावलेत. पहिल्या रात्री सगळा थवा उठला, मी खूश. दुसऱ्या रात्री उठून शेजारच्या हरभऱ्यात बसला. चौथ्या रात्री उठलाच नाही, नुसत्या माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. बुजगावण्याचं तेच, चमकपट्टीचं तेच, डब्याच्या आवाजाचं तेच. एकाच जागी एकच गोष्ट ठेवली की पाखरू ती शिकतं. वरून दिवसा हाकललेला हंस रात्री चरायला लागतो. म्हणजे आधी निदान दिसत तरी होता, आता दिसतही नाही.

आता हंस रानात येतोच का, हे बघा. पाणी उतरायला लागलं की काठाला ओल्या गाळावर बारीक हिरवी लव उगवते. त्याचं खरं खाणं ते. पाण्याजवळ आहे, आखूड आहे, चारही बाजूंनी कोल्हं-कुत्रं लांबून दिसतं. पण आपण काय करतो? पाणी चार फूट मागं सरकलं की ट्रॅक्टर चार फूट पुढं. गाळपेर अगदी पाण्याच्या ओठापर्यंत. लव नांगरून टाकली आणि तिच्या जागी गहू पेरला, म्हणजे त्याच्या ताटातली भाजी काढून पेढा ठेवला. आणि तो पेढा खातो म्हणून आपण बॉम्ब आणणार!

जी थोडी लव राहते तिथं होड्या बसू देत नाहीत. फोटोवाल्यांना उडणारा थवा पाहिजे असतो, बसलेला नको. मग होडी थेट थव्यात घालायची. सकाळी नऊला उठवलेला थवा काठावर परत बसत नाही, तो सरळ आपल्या रानात येतो. होडीचे पैसे घेणारे आपल्याच गावातले, आपलेच भाऊबंद, म्हणून पारावर यावर कुणी बोललं नाही. मी बोलतो. वर्गणी काढायचीच तर पहिली पावती होडीवाल्यांच्या नावानं फाडा.

दुसरी गोष्ट. माझ्या शिवेला दोन्ही बाजूंनी उसाच्या पोटात अडकलेला अर्धा एकर गहू आहे. त्यात हंस उतरलेला मी आजवर पाहिलेला नाही. त्याला उंच पिकापलीकडचं दिसत नाही म्हणून भीती वाटते. यावरून मी यंदा काय केलं, तर पाण्याकडची दहा-बारा पावलं लव तशीच सोडली, तिच्या मागं मक्याच्या चार ओळी दाट लावल्या आणि गहू त्यामागं. मका उशिरा टोकला, कमरेला यायच्या आत गव्हाचा एक कोपरा गेला. चूक माझी. ऑक्टोबरात टोकायला हवा होता. पण मका वर आल्यापासून त्या बाजूनं चालत येणं बंद झालंय, आणि लवेवर रोज चरतायत. चरू देत.

मोकळ्या तुकड्यात काठ्या रोवून आडवीतिडवी जाड पांढरी सुतळी बांधा, एक ओळ गुडघ्याखाली, एक मांडीला. एवढ्या मोठ्या पाखराला उतरायला धावपट्टी लागते. नायलॉनचा मांजा मात्र बांधू नका, त्यात पंख अडकून हंसच काय, बगळा, घुबड सगळं मरतं. पोहण्याच्या जागेलाही हेच. तिथलं आखूड गवत काढून टाका किंवा वाढू द्या, मध्ये सुतळी मारा. आणि पाहुण्यांनी पाव-फरसाण टाकलं तर हात धरा.

नुकसानीचं म्हणाल तर सगळं नुकसान सारखं नसतं. गहू कांडीवर यायच्या आधी वरून कातरला आणि रान वाफशावर असलं तर तो परत फुटतो. पाणी देऊन रान चिखल असताना थवा बसला तर रोप मुळासकट उपटून येतं, तो गेला. म्हणून काठाच्या वाफ्यांना पाणी सकाळी द्या, रात्रीपर्यंत वरचा थर आवळतो. हरभऱ्याचे शेंडे महिन्याच्या आसपास आपणच खुडतो, फुटवे यावेत म्हणून. फुलात आल्यावर खुडले तर मात्र घाटे गेलेच. पेजवरच्या कृषीवाल्या मित्रांना एकच विनंती, अंदाजानं बोलू नका. प्रत्येक काठाच्या रानात एक मीटर बाय एक मीटर जाळीची टोपली उलटी ठेवा, आतलं आणि बाहेरचं पीक वेगळं कापून वजन करा. पंचनाम्याला कोणी येत नाही ही माझीही तक्रार आहे. मी दोनदा अर्ज दिलाय, पक्ष्यांनी खाल्लेल्याला रकाना नाही असं तोंडी उत्तर मिळालं. रकाना मागायचा तर हातात वजनं पाहिजेत.

आणि जे पारावर हळू आवाजात बोललं गेलं ते इथं मोठ्यानं लिहितो. फोरेट चोळलेले दाणे. हे औषध 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे, तरी कुणाच्या तरी गोठ्यात डबा आहे, आणि कुणाच्या ते मला माहीत आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं हा गुन्हा आहे, तुरुंग आहे, ते सोडा. मेलेला हंस कुत्रं खातं, घार खाते. उरलेला दाणा पाण्यात जातो, त्याच काठाला संध्याकाळी तुमची म्हैस तोंड लावते आणि त्याच पाण्यातली चिलापी आपण शिजवतो. भावा, तू मला नात्यानं जवळचा आहेस, पण एक जरी पाखरू त्या काठावर तोंडाला फेस येऊन पडलेलं दिसलं तर तक्रार द्यायला मी जाणार आहे.

थंडी सरली की मार्चात हे जातात. प्रश्न तीन-साडेतीन महिन्यांचा आहे. शनिवारी संध्याकाळी सातला परत बैठक आहे. माझ्याकडे सुतळीचे चार बंडल आणि मक्याचं पायलीभर बी आहे, ते घेऊन येतो. ज्यांची रानं पाण्याला लागून आहेत त्यांनी टोपलीसाठी जुनी कोंबडीची जाळी घरात असेल तर आणा.