फुकटच्या कुलुपाची राखण कोणी करायची?

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आण्णांची शाळा चौथीत सुटली. वैजापूरला कांदा विकला की पट्टीचे पैसे बँकेत जमा होतात आणि मोबाइल माझ्यापुढे धरून आण्णा विचारतात, "बघ रे, पैसे नीट आहेत ना?" मी बेधडक "हो" म्हणतो. हे "हो" मी कोणाच्या भरवशावर म्हणतो, हा प्रश्न मला ओपनएसएसएलची हकीकत वाचल्यावर पडला.

मित्रहो, संगणकाच्या जगातही 'लायब्ररी' असते. एकाने लिहून ठेवलेला प्रोग्रामचा भाग इतरांनी आयता वापरायचा. ओपनएसएसएल ही अशीच खुली लायब्ररी. कोणीही वाचावी, कोणीही फुकट वापरावी. आपण आणि वेबसाइट यांच्यात जाणाऱ्या मजकुराला कुलूप घालणे हे तिचे काम. मार्च २०१२ च्या आवृत्तीबरोबर तिच्यात एक चूक शिरली. जोडणी चालू आहे ना, हे पाहण्यासाठी एका संगणकाने काही अक्षरे धाडायची व दुसऱ्याने तीच परत करायची, अशी सोय होती. मात्र 'इतकी अक्षरे धाडली' हे सांगणाऱ्याचे बोलणे खरे धरले जाई, मोजणी नव्हती. एखाद्याने पायलीभर ज्वारी देऊन "साठ पोती दिली" म्हणावे आणि दुकानदाराने न मोजता कोठारातून साठ पोती परत करावीत, तसे! एकेका खेपेला सुमारे ६४ हजार अक्षरांपर्यंत मजकूर बाहेर पडू शके. त्यात दुसऱ्यांचे पासवर्डही असू शकत.

७ एप्रिल २०१४ रोजी ही चूक 'हार्टब्लीड' नावाने जाहीर झाली. त्याच महिन्यात कॅनडाच्या कर खात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे विमा क्रमांक चोरीस गेले. त्या प्रकरणी पकडलेला विद्यार्थी १९ वर्षांचा, म्हणजे माझ्याच वयाचा होता.

काहीजण म्हणतील, "फुकटचे ते असेच असायचे!" मला हे पटत नाही. लायब्ररी खुली होती म्हणूनच ती कोणालाही तपासता येत होती. गूगलमधील नील मेहता आणि फिनलंडची एक कंपनी यांनी ती चूक स्वतंत्रपणे शोधली. पण दार उघडे असणे निराळे आणि आत येऊन कोणी पाहणे निराळे. जगातील असंख्य वेबसाइटी ज्या कुलपावर विसंबून होत्या, त्याच्या देखभालीसाठी वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी जमत असे. गावच्या विहिरीवर पाणी सगळेच भरतात. गाळ काढायच्या दिवशी मात्र ज्याला त्याला शेतात काम निघते. बोभाटा झाल्यावरच मोठ्या कंपन्यांनी हात सैल केला.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, अशा खुल्या लायब्रऱ्यांवर ज्यांचा कारभार चालतो, त्या बँका, कंपन्या आणि सरकारे यांनी देखभालीचा खर्च दरवर्षी उचलला पाहिजे. तो दानधर्म नव्हे, ते देणे आहे. आपल्या हाती निदान एवढे आहे की, फोन सुधारित आवृत्ती घ्यायला सांगतो तेव्हा 'नंतर' म्हणून टाळू नये.

परवा ही सारी हकीकत मी आण्णांना सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अन् मग राखण करणाऱ्याला मजुरी कोण देतं?"

चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला हा प्रश्न लगेच सुचला. शिकल्यासवरलेल्या जगाला तो चोरी झाल्यावर सुचला, याचीच मला खंत वाटते.