विश्लेषण : सांडपाण्यातली घाण पाणथळीत जाते कुठे?

हिंगोली शहर आणि नर्सी नामदेव ही दोन्ही ठिकाणे कयाधूच्या काठावरची. वाशीम जिल्ह्यातून येणारी ही नदी पुढे पैनगंगेला मिळते. ती पावसावर वाहणारी नदी. उन्हाळ्यात धार आटली, की नाल्यांतून येणारी घाण पातळ करायला पात्रात पुरेसे पाणी उरत नाही. अशा नदीसाठी नाल्याच्या तोंडाशी पाणथळ तयार करणे हा स्वस्त उपाय ठरू शकतो.

सांडपाण्याची घाण मोजतात कशी?

खरकटे, तेल, मैला हे सगळे सेंद्रिय पदार्थ जीवाणूंचे खाद्य असतात. ते खाताना जीवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. त्यासाठी किती ऑक्सिजन लागेल, त्याचे माप म्हणजे ‘बीओडी’. घरगुती सांडपाण्यात तो लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. आंघोळीयोग्य नदीपाण्यासाठी मर्यादा आहे ३ मिलिग्रॅमची. सांडपाणी थेट नदीत सोडले, तर ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात.

पाणथळीत नेमके काय घडते?

पाण्याचा वेग मंदावतो आणि जड कण तळाशी बसतात. खडीवर आणि मुळांवर जीवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. विरघळलेली घाण तिथे अडते. पाणकणसासारख्या वनस्पती पानांतून हवा खाली नेतात, त्यातला थोडा ऑक्सिजन मुळांभोवती झिरपतो. तिथले जीवाणू घाणीचे विघटन करून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार करतात. ऑक्सिजन नसलेल्या गाळात दुसरे जीवाणू काम करतात. तिथे विघटन सावकाश होते आणि मिथेन तयार होतो. म्हणजे सेंद्रिय घाण खातात जीवाणू. वनस्पती त्यांना आसरा आणि थोडी हवा देतात.

महाराष्ट्रात हे तंत्र आहे का?

आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केले. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात ते वापरले गेले. आधी टाकीत गाळ बसवायचा, मग कर्दळ, पाणकणीस लावलेल्या खडीच्या कुंडातून पाणी हळूहळू न्यायचे. जमिनीला उतार असेल, तर वीज जवळपास लागत नाही.

मग अडचण कुठे?

यंत्रांच्या प्रकल्पापेक्षा जागा जास्त लागते. गाळ उपसावा लागतो, वाढलेली झाडे वेळेवर कापावी लागतात. नाही तर ती कुजून पुन्हा पाण्यातच मिसळतात. क्षमतेपेक्षा जास्त घाण आली, तर ऑक्सिजन संपून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्यामुळे नाल्यात जलपर्णी माजली म्हणजे पाणी शुद्ध होते, हा समज चुकीचा आहे.

हिंगोलीने काय करावे?

इथली उष्ण हवा जीवाणूंच्या कामाला पोषक आहे. गावांत घरोघरी शोषखड्डे आणि उरलेल्या पाण्यासाठी नाल्याच्या तोंडाशी पाणथळ, अशी जोडी बसवता येईल. पाणथळ पूररेषेच्या वर हवी आणि पावसाचे पाणी तिच्याबाहेरून वळवायला हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बांधकामासोबतच देखभालीचा खर्चही ग्रामपंचायत, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी धरला गेला पाहिजे. जीवाणू पगार मागत नाहीत. पण गाळ उपसणाऱ्या माणसाला तो द्यावाच लागतो. ही तरतूद नसेल, तर उद्घाटनाच्या फलकामागे आणखी एक डबके उरेल.